अर्ज दुसऱ्याच्या हाती, हक्क आपल्या हाती



आपले काम दुसऱ्यावर सोपविण्याची रीत बीड जिल्ह्याला नवी नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. मराठी शेतकऱ्याला गाऱ्हाणे मांडायचे झाले, तर अर्जनवीसाचे पाय धरावे लागत. अर्जात काय लिहिले आहे, हे अर्जदाराला वाचता येत नसे. अंगठा मात्र त्याचा असे.

आज कचेरीची भाषा मराठी आहे; परंतु अर्ज संगणकावर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा अशी नाना कामे लोक 'आपले सरकार सेवा केंद्रा'च्या चालकावर सोपवितात. हा चालक शासनाचा पगारी नोकर नव्हे. प्रत्येक कामामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर त्याचा चरितार्थ चालतो. शहरातील नोकरदार घरबसल्या आपली किरकोळ कामे भ्रमणध्वनीवरून परक्या माणसाकडे सोपवितो. त्याचेच हे ग्रामीण रूप होय.

या सोयीमुळे वाडीवस्तीवरील माणसाचे तहसिलीचे हेलपाटे कमी झाले, त्याचा बुडणारा रोज वाचला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र या व्यवहाराची खरी कसोटी लागते ती ऊसतोड कामगारांच्या बाबतीत. मुकादमाकडून उचल घेऊन हजारो जोडपी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व हंगाम संपल्यावरच परततात. गावी उरतात ती वृद्ध माणसे, मुले आणि कागदपत्रे. त्यांच्या माघारी कागदोपत्री कामे दुसऱ्याच्याच हातून व्हायची.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठीची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तोडणीचा हंगाम तोंडावर आला होता. या कामी आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर सांकेतिक क्रमांक येतो. उसाच्या फडात उभी असलेली बाई तो क्रमांक गावाकडच्या माणसाला सांगते, तेव्हा ती आपल्या घराची किल्लीच त्याच्या हाती देत असते. ती किल्ली कोणाकडे जाते, हे तिला ठाऊक असलेच पाहिजे.

दुसऱ्यावर सोपविलेल्या कामावर देखरेख नसली, तर काय घडते, हे पीकविम्याने दाखवून दिले. २०२३ च्या खरिपापासून राज्यात शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळू लागला. प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत. बहुसंख्य चालकांनी प्रामाणिकपणे काम केले. परंतु काही ठिकाणांहून बनावट अर्ज दाखल झाल्याचे उघडकीस आले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. काही जणांच्या लबाडीची झळ सचोटीच्या शेतकऱ्यालाही बसली.

यावर उपाय अवघड नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मुदत टळली, तर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग असे मार्ग खुले आहेत. परंतु दाद मागायची, तर अर्जाची पोच हाती हवी. म्हणून अर्जदाराने पोच मागून घ्यावी, दरफलक वाचून तेवढेच शुल्क द्यावे आणि सांकेतिक क्रमांक काम समजल्यावाचून कोणासही सांगू नये.

येथे ग्रामपंचायत सदस्यांवर आणि शिक्षकांवर मोठी जबाबदारी येते. कामगार गाव सोडण्यापूर्वी ग्रामसभा घेऊन त्यांची प्रलंबित कामे मार्गी लावता येतील. केंद्राचा दरफलक दर्शनी भागी आहे की नाही, हे सरपंचांना पाहता येईल. शाळेतील मोठ्या मुलांना पोचपावती वाचावयास शिकविली, तर ती मुलेच आपल्या आजीआजोबांचे डोळे होतील.

एकमेकांवर काम सोपविल्यावाचून समाजाचा गाडा चालत नाही. काम खुशाल सोपवावे. परंतु अर्जनवीसाच्या काळातील अंगठा आज पुन्हा सांकेतिक क्रमांकाच्या रूपाने आंधळेपणाने उमटू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घेतली पाहिजे.