कागदी मुखवटे टिकावेत कसे?

(कलाशिक्षकांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित अंश)



पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात बोहाड्यासाठी लाकडाचे, तसेच कागदी लगद्याचे मुखवटे घडविले जातात. नाचताना घामाने वा धक्क्याने मोडू नये, अशीच त्यांची बांधणी लागते. आपल्या स्नेहसंमेलनातील गदा आणि मुकुट मात्र पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरतात. दोष कागदाचा नव्हे, घाईचा आहे.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात व जोड दिसत नाही. एक थर उभा, तर त्यावरील आडवा द्यावा. दोन-तीन थरांनंतर सावलीत पूर्ण वाळू द्यावे. आत ओल राहिली, तर वरचा रंग कितीही उत्तम असो, व्यर्थच.

खळ मैद्याची किंवा चिंचोक्याची चालते; पण तिच्यावर कसर आणि झुरळे तुटून पडतात. म्हणून काहीजण खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. ती खळ मुलांच्या हाती देणे मला मुळीच मान्य नाही. त्यांना सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात कालवून द्यावा. खर्च थोडा वाढेल, तो शाळेने सोसावा.

शेवटी व्हार्निशचा हात आतूनही द्यावा. आतली बाजू बहुतेकजण विसरतात, आणि ओल तेथूनच शिरते.