स्थानभ्रष्ट कृष्णविवरांचा शोध



बैलगाडीच्या चाकाचा आंस मधोमध असावयाचा, हें लहान मुलासही ठाऊक असतें. एखाद्या चाकाचा आंस कडेला सरकलेला दिसला, तर पाहणारा थबकतो आणि हें कसें घडलें, असा प्रश्न करतो. आकाशांतील दीर्घिकांविषयीं ज्योतिर्विदांना आज असाच एक प्रश्न पडला आहे.

दीर्घिका म्हणजे अब्जावधि ताऱ्यांचा गुरुत्वाकर्षणानें बांधलेला समुदाय. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागीं एक प्रचंड कृष्णविवर वसलेलें असतें. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरील कृष्णविवराचें वस्तुमान सुमारें 40 लक्ष सूर्यांइतकें आहे. त्याच्याभोंवतीं फिरणाऱ्या ताऱ्यांचे मार्ग वर्षानुवर्षें मोजण्याच्या कामाबद्दल राइनहार्ट गेंझेल व आंड्रेया गेझ हे 2020 सालच्या नोबेल पारितोषिकाचे वांटेकरी झाले. कृष्णविवर स्वतः काळें, त्यांतून प्रकाश बाहेर येत नाहीं. परंतु त्याच्याकडे ओढला जाणारा वायु भोंवऱ्यांतील पाण्याप्रमाणें गरगर फिरतो, तापतो आणि तेजानें झळकूं लागतो. असें झालें म्हणजे त्या कृष्णविवरास सक्रिय म्हणतात. मार्टिन श्मिट यांनीं 1963 मध्यें ज्याचें अफाट अंतर ओळखलें, तो पहिला क्वेसार याच जातीचा दीप होय.

असा दीप गाभारा सोडून मंडपांत, किंवा थेट प्राकाराबाहेर, कां जावा? याचीं प्रमुख कारणें दोन.

पहिलें कारण साधें आहे. मोठी दीर्घिका लहान दीर्घिकेस गिळते, तेव्हां लहानीचें कृष्णविवरही तिच्यासवें आंत येतें. तें मध्यापर्यंत पोंचावयास कधीं कधीं कोट्यवधि वर्षें लागतात. तोंपर्यंत तें परक्या घरांत आलेल्या पाहुण्याप्रमाणें कडेकडेनें हिंडत राहतें.

दुसरें कारण अधिक विलक्षण आहे. दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन होतात, तेव्हां गुरुत्वीय लहरी उसळतात. त्या सर्व बाजूंस सारख्या गेल्या नाहींत, तर बंदूक झाडणाऱ्याच्या खांद्यास जसा उलट धक्का बसतो, तसा नव्या कृष्णविवरास बसतो. या मीलनाचें संपूर्ण गणित संगणकावर प्रथम 2005 सालीं फ्रान्स प्रिटोरियस यांनीं सोडविलें. पुढें 2007 मध्यें मॅन्युएला कॅम्पानेली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, दोघांच्या स्वतःभोंवतींच्या फिरण्याची दिशा विशिष्ट असेल, तर हा धक्का सेकंदास 4,000 किलोमीटरपर्यंत जाऊं शकतो. सूर्याच्या परिसरांतून आकाशगंगेबाहेर निसटावयास सेकंदास सुमारें 550 किलोमीटर वेग पुरतो. यावरून त्या धक्क्याची कल्पना यावी.

येथें केवळ कुतूहलाचा प्रश्न नाहीं. असे धक्के वारंवार बसत असतील, तर कित्येक दीर्घिकांचे गाभारे रिकामे पडले पाहिजेत. मग आज दिसणारीं महाकाय कृष्णविवरें वाढलीं कशीं, याचा हिशेब नव्यानें मांडावा लागेल. म्हणून प्रत्यक्ष पुरावा हवा.

तो दोन वाटांनीं शोधतात. पहिली वाट स्थानाची: सूक्ष्म छायाचित्रांत तेजाचा ठिपका दीर्घिकेच्या मध्यापासून किती ढळला आहे, तें मोजावयाचें. दुसरी वेगाची: कृष्णविवर निसटतांना अगदीं जवळचा वायु बरोबर नेतें, दूरचा मागें राहतो. वर्णपटांत जवळच्या वायूच्या रेषा रुंद असतात, दूरच्याच्या अरुंद. रुंद रेषा अरुंद रेषांपासून सरकलेल्या दिसल्या, म्हणजे संशयास जागा होते.

परंतु संशय आणि सिद्धि यांत अंतर आहे. देवळाच्या कळसावर टेकलेला दिसणारा तारा कळसाचा नसतो. तो फार मागें असतो. श्टेफनी कोमोसा व सहकाऱ्यांनीं 2008 सालीं एका क्वेसारांत सेकंदास 2,650 किलोमीटर वेगाची खूण वर्णिली. लवकरच इतरांनीं दाखविलें कीं, हीच खूण परस्परांभोंवतीं फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांनीं, किंवा एकाच रेषेंत दिसणाऱ्या दोन दीर्घिकांनींही पडूं शकेल. 2020 मध्यें एमी राइन्स व सहकाऱ्यांनीं 111 बटु दीर्घिका रेडिओ दुर्बिणींनीं तपासल्या आणि 13 ठिकाणीं कृष्णविवराचीं चिन्हें सांगितलीं. त्यांपैकीं कित्येक मध्यापासून दूर होतीं. 2022 मध्यें अधिक तीक्ष्ण दृष्टीच्या दुर्बिणींनीं तींच 13 पुन्हा पाहिलीं. चार दिसलीं, तीं मध्यापासून सर्वांत दूरचीं होतीं, आणि पाठीमागच्या फार दूरच्या दीर्घिकांचें तेज म्हणूनही त्यांचा उलगडा होत होता. ही फेरतपासणी करणाऱ्यांत राइन्स स्वतः सामील होत्या, हें विशेष.

कांहीं दावे मात्र टिकून आहेत. थ्री सी 186 हा क्वेसार सुमारें 800 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. मार्को क्याबेर्गे व सहकाऱ्यांनीं 2017 मध्यें हबल दुर्बिणीच्या साह्यानें दाखविलें कीं, तो आपल्या दीर्घिकेच्या मध्यापासून सुमारें 35,000 प्रकाशवर्षें ढळलेला असून, त्याचा वेग सेकंदास सुमारें 2,100 किलोमीटर आहे. स्थान व वेग या दोन्हीं साक्षी येथें एकाच बाजूस पडतात, म्हणून हा उमेदवार प्रबळ मानतात.

कधीं कधीं निद्रिस्त कृष्णविवरही क्षणभर जागें होतें. ऑगस्ट 2024 मध्यें पालोमार वेधशाळेच्या आकाशपाहणींत सुमारें 60 कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेंत नवा प्रकाश उजळला. जवळ आलेल्या एका ताऱ्याच्या कृष्णविवरानें चिंधड्या केल्या होत्या. हबल, क्ष-किरणांची चंद्रा व रेडिओ दुर्बिणी यांनीं पाहतां तो प्रकाश मध्यापासून सुमारें 2,600 प्रकाशवर्षें बाजूस आढळला. आणि मध्यावर तर दुसरें, याहून पुष्कळ मोठें कृष्णविवर आपल्या जागीं आहेच. ज्याच्या अस्तित्वाची वार्ताही नव्हती, त्या भटक्याचा ठावठिकाणा एका ताऱ्याच्या नाशानें लागला.

गुरुत्वीय लहरी टिपणारी लिसा ही यानमालिका 2035 च्या सुमारास अवकाशांत धाडण्याची युरोपची योजना आहे. ती प्रचंड कृष्णविवरांचीं मीलनें टिपील, आणि किती धक्के बसतात याचा अंदाज तेव्हां पक्का होईल. तोंपर्यंत या शोधाची शिस्त एकच: आंस सरकलेला दिसला, तर प्रथम आपल्या डोळ्यांवर संशय घ्यावा, मग दुर्बिणीवर, मग मागच्या आकाशावर, आणि इतकें करूनही तो सरकलेलाच दिसला, तर निःशंक मनानें चाकाकडे वळावें.