आधी कारण शोधू, मग हात धरू
(स्वागताध्यक्षीय भाषण, कारंजा लाड)



 कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मगाव. जुन्या वेशींचे, जैन मंदिरांचे आणि कापसाच्या व्यापाराचे गाव. यात्रेकरूंची सरबराई आम्हाला नवी नाही. आजचे पाहुणे मात्र विशेष मुलांविषयीच्या परिषदेसाठी आले आहेत.

गुरुचरित्रात या गावची कथा आहे. माधव आणि अंबा यांचा बाळ नरहरी, म्हणजे पुढचे नृसिंह सरस्वती, मुंज होईपर्यंत ॐकाराखेरीज काही बोलत नव्हता. श्रद्धेची ही कथा आहे, तिच्यावरून निदान करण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. पण त्या आईवडिलांची घालमेल आजही अनेक घरांत आहे. ‘बोलेल मोठा झाल्यावर’ म्हणत वर्षे घालवणारेही आहेत. दोन वर्षांचे लेकरू दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर वाट न पाहता तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात. त्यांना हे सांगा.

आता आजच्या विषयाकडे वळतो. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेली काही मुले तासन्‌तास डोलतात, हात फडफडवतात, गिरक्या घेतात, कान दाबून एकच सूर धरतात. लग्नाच्या मांडवात पाहुणे विचारतात, “असं काऊन करते हा?” आई शरमेने लेकराचे हात धरून ठेवते.

उत्तर फार दूर नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला झोळीत झुलवून, पाठीवर थोपटून कोणीतरी शांत केलेले आहे. लयीने जीव थाऱ्यावर येतो, हे शरीर तेव्हाच शिकते. परीक्षेच्या वर्गाबाहेर पाय हलवणारा विद्यार्थी तेच करतो. काही मुलांना मिक्सरचा आवाज, ट्यूबलाइटची थरथर, कपड्याची शिवण असह्य होते. काहींना उलट स्पर्श आणि हालचाल पुरेशी जाणवतच नाही. दोन्ही प्रकारची मुले स्वतःला सावरण्यासाठी डोलतात. कधी हेच आनंदाने होते, कधी कंटाळ्याने.

१९४३ साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नता वैद्यकशास्त्रापुढे मांडली. पुढे कित्येक वर्षे या हालचाली बंद पाडणे हेच उपचाराचे यश मानले गेले. २०१३ च्या अमेरिकी निदान-नियमावलीत संवेदनांना मिळणारा कमी-जास्त प्रतिसाद हे स्वमग्नतेचे एक लक्षण म्हणून नोंदले गेले. स्वमग्न प्रौढ तर स्वतःच सांगू लागले, की डोलण्याने आम्हाला बरे वाटते, आम्हाला थांबवू नका.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने माझे म्हणणे एवढेच : ज्याने कोणाला इजा होत नाही, ते थांबवू नका. डोके आपटणे, मनगट चावणे, डोळ्यांत बोटे खुपसणे याकडे मात्र दुर्लक्ष नको. न बोलणाऱ्या मुलाचा दात किंवा कान ठणकत असेल, पोट साफ नसेल, तर तो सांगणार कसा? आधी डॉक्टरांना दाखवा. असा प्रकार होण्याआधी काय घडले, किती वेळ चालले, कशाने थांबले, हे वहीत लिहा. तज्ज्ञाला ती वही फार कामाची ठरते. मारणे आणि अंगारे-धुपारे यांनी दुखणे तसेच राहते, भीती तेवढी वाढते.

शिक्षकांना विनंती, की अशा मुलाला वर्गातून उठून चार पावले चालू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली, त्यांत स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमताही आहेत. शाळेचे दार त्यांच्यासाठी उघडे असणे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आज या सभागृहात ध्वनिक्षेपकाचा आवाज मुद्दाम कमी ठेवला आहे. शेजारच्या खोलीत सतरंजी अंथरून शांत जागा केली आहे. भाषण चालू असताना एखादे लेकरू उठून गिरक्या घेऊ लागले, तर कोणी वळून पाहू नये आणि त्याच्या आईने माफी मागू नये. आमच्या व्यवस्थेत काही उणे राहिले असेल तर सांभाळून घ्या. आणि इथून गेल्यावर गावच्या लग्नात, मंदिरात, एसटीत असे मूल दिसले, तर त्याला थोडी जागा द्या.