परवाना, परीक्षा आणि पुन्हा प्रयत्न
(तरुण अभियंते व त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वारणा आणि कडवी या नद्यांच्या काठचा शाहूवाडी तालुका पश्चिमेला डोंगर-पावसाचा, तर पूर्वेला उसाचा. सोनवडे-बांबवडे येथील उदयसिंगराव गायकवाड साखर कारखाना आणि शेजारचे वारणानगर यांनी येथील मुलांना शेती व दुकान यांखेरीज उपजीविकेची आणखी एक वाट दाखविली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे, वारणानगरचे १९८३ सालचे. ज्या घरांत एकेकाळी वही-खात्यापलीकडे हिशेब नव्हता, त्या घरांत आज यंत्र-अभियंते आहेत. पदवी किंवा पदविका हाती आली की घरच्यांना वाटते, शिक्षण संपले. वस्तुतः साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम करणाऱ्या तरुणाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

सरकारी मराठीत ज्याला बाष्पक म्हणतात तो बॉयलर, म्हणजे कारखान्याचे हृदय. त्याच्या वाफेवर टर्बाईन फिरते, वीज निर्माण होते, रस आटतो. मात्र मोठ्या बॉयलरची जबाबदारी केवळ पदवीच्या बळावर कोणालाही घेता येत नाही. त्यासाठी ठरावीक वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि शासनाच्या परीक्षा मंडळाची लेखी व तोंडी परीक्षा आवश्यक असते. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर, ज्याला कारखान्यात सर्वजण ‘बीओई’ म्हणतात, ते प्रमाणपत्र या परीक्षेनंतर मिळते. बॉयलर अटेंडंटसाठीही प्रथम व द्वितीय श्रेणीच्या अशाच परीक्षा आहेत. या परीक्षांत पहिल्याच प्रयत्नात यश न मिळालेली अनेक हुशार मुले असतात. आजचे विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

प्रथम ही परीक्षा आहे कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. पाण्याची वाफ झाली की साध्या वातावरणीय दाबाखाली तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. बॉयलरमध्ये हीच शक्ती पोलादाच्या कवचात कोंडलेली असते. कवच फाटले तर आतील तप्त पाण्याचा मोठा भाग क्षणार्धात वाफ होऊन बाहेर पडतो. कलकत्त्यात १८६३ साली असा स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगाल प्रांतात बॉयलर-तपासणीचा कायदा आला. निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे नियम एकत्र करून १९२३ चा भारतीय बॉयलर अधिनियम झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून तो अमलात आला. शंभर वर्षांनंतर, २०२५ साली, त्याची जागा नव्या बॉयलर अधिनियमाने घेतली. अमेरिकेत ब्रॉक्टन या गावी २० मार्च १९०५ रोजी एका बुटांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ जणांचा बळी गेला. त्यानंतरच तेथे बॉयलर-बांधणीच्या प्रमाणित नियमांना चालना मिळाली. उत्तर प्रदेशातील उंचाहार वीजकेंद्रात १ नोव्हेंबर २०१७ रोजी बॉयलरच्या भट्टीतून तप्त वायू व राख बाहेर फेकली जाऊन तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली, ही घटना तर अगदी अलीकडची.

सारांश, या परीक्षेचा प्रत्येक नियम कोणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिला गेला आहे. परीक्षक गुण देताना एकच गोष्ट पाहत असतो, ती म्हणजे या माणसाच्या भरवशावर रात्रपाळीचे कामगार निर्धास्त काम करू शकतील काय. हा विचार मनात ठसला की अनुत्तीर्ण होण्याचा अर्थही बदलतो. तो अपमान नव्हे. ‘अजून थोडे थांबा’ अशी ती सूचना आहे, आणि ती कागदावर मिळते, अपघातातून नव्हे, हे उमेदवाराचे भाग्यच.

आता अपयशाची कारणे पाहू. अनुत्तीर्ण होणारे उमेदवार साधारणतः दोन प्रकारचे असतात. पहिला, ज्याने दहा गळीत हंगाम बॉयलरवर काढले आहेत. भट्टीचा नुसता आवाज ऐकून तो बिघाड सांगतो. परंतु एक किलो बगॅसपासून किती वाफ मिळेल, बगॅसमध्ये साधारण निम्मे पाणीच असल्याने उष्णता किती वाया जाते, हे गणित कागदावर मांडताना तो अडखळतो. दुसरा, ज्याला सूत्रे तोंडपाठ आहेत. त्याला तोंडी परीक्षेत विचारले जाते, “गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासे झाले. काय कराल?” तो चटकन म्हणतो, “फीड पंप वाढवीन.” येथेच त्याची परीक्षा संपते. कारण पाणी खरोखरच खाली गेले असेल आणि नळ्या लालबुंद झाल्या असतील, तर त्यांवर एकाएकी पाणी सोडणे म्हणजे अनर्थाला आमंत्रण. अशा वेळी प्रथम बगॅसचा पुरवठा बंद करून आग आवरायची, पाणी घालायचे नाही, हा या व्यवसायातील पहिला धडा.

खेदाची गोष्ट अशी की दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करताना पहिला उमेदवार पुन्हा यंत्राजवळच रमतो आणि दुसरा पुन्हा सूत्रेच पाठ करतो. जे येते तेच पुन्हा वाचण्यात मनाला सुख असते. जे येत नाही त्याकडे पाहण्याचे टाळले जाते. वर्ष जाते, उमेदवार तोच राहतो आणि निकालही तोच लागतो.

अमेरिकेत व्यावसायिक अभियंत्याचा परवाना घेऊ इच्छिणाऱ्यांना, त्यांत तेथे स्थायिक झालेली मराठी मुलेही आली, आधी मूलभूत विषयांची परीक्षा, मग काही वर्षांचा अनुभव आणि त्यानंतर मुख्य परीक्षा अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तेथील एक पद्धत अनुकरणीय आहे. जो अनुत्तीर्ण होतो, त्याला कोणत्या विषयात तो कितपत कमी पडला याचा विषयवार अहवाल दिला जातो. असा अहवाल येथे उमेदवाराला स्वतःच तयार करता येईल. परीक्षा संपली त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, प्रत्येक प्रश्न वहीत उतरवावा. समोर तीन रकाने आखावेत: नीट आले, अर्धवट आले, आलेच नाही. दुसऱ्या प्रयत्नाचा अभ्यास तिसऱ्या रकान्यापासून सुरू व्हावा.

अभ्यास कसा करावा, हे या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. शास्त्राभ्यासाची ही शिस्त लौकिक विद्येलाही लागू पडते. नियमांचे पुस्तक मुळातून वाचावे, केवळ जुन्या प्रश्नपत्रिकांच्या उत्तरांवर विसंबू नये. शंका अनुभवी फायरमनला विचारण्यात अभियंत्याने कमीपणा मानू नये. वाचलेले मनात घोळवावे, शुद्ध स्वरूपात पुनःपुन्हा म्हणावे. आणि शेवटी ते दुसऱ्याला शिकवून पाहावे. पाळीतील नव्या मुलाला सेफ्टी व्हॉल्व्हचे कार्य समजावून सांगता आले, तर तोंडी परीक्षेची निम्मी भीती तेथेच सरते.

वेळेचा प्रश्न खरा आहे. गळीत हंगामात पाळ्या बदलतात, झोप पुरी होत नाही. त्या काळात रोज अर्धा तास आणि एकच गणित, एवढाच नेम ठेवावा. तो मोडू नये. हंगाम संपला की बॉयलर उघडला जातो. ही पर्वणी साधावी. ड्रममध्ये डोकावून क्षारांचे थर पाहावेत, म्हणजे पाणी-शुद्धीकरणाचे प्रकरण पुन्हा विसरणार नाही. खोललेल्या व्हॉल्व्हचे चित्र हाताने काढावे. पुस्तकातील आकृती आणि समोरचे लोखंड यांची गाठ पडली की ज्ञान पक्के होते. याच जिल्ह्यात कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला दिला. कमावता कमावता शिकणाऱ्याला कारखाना हीच प्रयोगशाळा असते.

आता दोन शब्द पालकांसाठी. निकालानंतर “अमक्याचा मुलगा पहिल्या खेपेस पास झाला” हे वाक्य घरात उच्चारले जाऊ नये. लग्नाच्या बोलण्यात ‘एकदा नापास’ हा डाग मानला जाऊ नये. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला किंवा सुनेला दुपारी दोन तास निवांतपणा देणे, एखाद्या समारंभाला न येण्याची मोकळीक देणे, ही मदत शिकवणीच्या शुल्काइतकीच मोलाची आहे. आणि अनुभवाचा खोटा दाखला मिळवून देऊ, आडमार्गाने प्रमाणपत्र आणून देऊ, असे सुचविणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच थांबवावे. पैशाने कागद मिळेल. गेज ग्लास रिकामी दिसेल त्या घटकेला तो कागद उत्तर देणार नाही.

ज्याला एकदा अपयश आले आणि ज्याने आपली उणीव शोधून ती भरून काढली, तो बॉयलरसमोर अधिक सावध उभा राहतो. आपल्याला सर्व येते, हा भ्रम त्याचा एकदा उतरलेला असतो. प्रमाद हे हिंसेचे मूळ, ही शिकवण ज्यांच्या कानावर बालपणापासून पडली, त्यांना या सावधपणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तेव्हा यंदा ज्यांची नावे निकालात आली नाहीत, त्यांनी वही उघडावी, तीन रकाने आखावेत आणि पुढचा अर्ज निर्धाराने भरावा. त्यांच्या प्रयत्नांस यश लाभो, आणि त्यांच्या हाताखालील प्रत्येक कामगार पाळी संपवून सुखरूप घरी जावो, हीच सदिच्छा!