कागदावरचे सूर आणि कागदापलीकडचे



इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेंगळुरू, जिथे कुठे मराठी घर आहे तिथून आज तुम्ही ऐकताय. मी पायदळातला निवृत्त अधिकारी, संगीताचा पंडित नाही. पण आज एका प्रश्नावर बोलणार आहे. बाखसारख्या थोर संगीतकाराची रचना जॅझवाले रंगमंचावर आपल्या पद्धतीनं वाजवतात, तेव्हा तिचा मान राखला जातो की अपमान होतो?

आधी दुसरी बाजू मांडतो, कारण लष्करात ती मी रोज पाहिली. आपल्या सैन्याची संगीताची शाखा पचमढीला आहे. तिथे खेड्यापाड्यांतून आलेली मुलं नोटेशन वाचायला शिकतात. आमच्या बॅन्डमधला एक हवालदार क्लॅरिनेट वाजवायचा. तो म्हणायचा, "साहेब, कागदावर आहे तेच वाजवायचं. नाहीतर पाचशे लोकांची पावलं चुकतील." परेडपुरतं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण सगळं संगीत परेडसाठी लिहिलेलं नसतं.

आता पॅरिसला जाऊ. १९५९ साली झाक लुसिए या पियानोवादकानं तिघांचा ताफा उभा केला. डबल बासवर पिएर मिशलो, ड्रम्सवर क्रिस्तियान गारो. नाव ठेवलं 'प्ले बाख'. लुसिए कॉन्झर्व्हेटरीत रीतसर शिकलेला. म्हणजे मूळ रचना येत नव्हती म्हणून तो ती बदलत होता, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

त्यांनी वाजवलेल्या रचनांपैकी बाखचा सी मेजरमधला पहिला प्रेल्यूड घ्या. सगळा मिळून ३५ मापांचा. त्यात गुणगुणता येईल अशी चाल जवळजवळ नाहीच. स्वरसंगती आहेत, एकामागून एक, सुट्या सुट्या स्वरांत उलगडलेल्या. कुठे ताण वाढतो, कुठे सुटतो, एवढाच त्या रचनेचा सांगाडा. एकोणिसाव्या शतकात गुनोनं त्याच सांगाड्यावर स्वतःची चाल ठेवली आणि 'आवे मारिया' जन्माला आली. तिला आज कुणी अपमान म्हणत नाही. जॅझवाला हेच करतो. फरक इतकाच की तो चाल घरी लिहून आणत नाही, तुमच्यासमोर त्या क्षणी शोधतो.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची असते. गायक अर्धा-पाऊण तास गातो, पण राग सोडत नाही आणि समेवर येतो. आपल्याकडे वाट रागाची, त्यांच्याकडे स्वरसंगतींच्या क्रमाची. मोकळीक दोघांना आहे, पण बेशिस्तीला मुभा दोघांनाही नाही.

आणि बाख स्वतः काय करायचा? त्याच्या काळी साथ करणाऱ्या कीबोर्डवाल्याला पुष्कळदा फक्त खालची, खर्जातली ओळ आणि तिच्यावर आकडे लिहून मिळायचे. कुठली स्वरसंगती, हे आकड्यांवरून समजून घ्यायचं आणि बाकीचं जागच्या जागी भरायचं. आजच्या जॅझवाल्याच्या कागदावरही चाल आणि स्वरसंगतींच्या खुणा, एवढंच असतं.

१७४७ सालची गोष्ट तर आम्हा फौजी लोकांच्या जवळची. प्रशियाचा राजा फ्रेडरिक, ज्याच्या लढाया आजही सैनिकी शिक्षणात अभ्यासतात, तो बासरी वाजवायचा. बाखचा मुलगा त्याच्या पदरी नोकरीला होता. म्हातारा बाख पॉट्सडामला आला तेव्हा राजानं त्याला एक अवघड चाल दिली. बाखनं तिच्यावर तिथल्या तिथे तीन आवाजांचा फ्यूग रचून वाजवला. पुढे त्यातूनच 'म्युझिकल ऑफरिंग' हा संग्रह तयार झाला. म्हणजे आज आपण जे जपून ठेवलंय, त्याचा उगमच आयत्या वेळी सुचलेल्या वादनात आहे.

अर्थात जॅझ केलं की झालं, असं नाही. मूळ चाल जशीच्या तशी ठेवून मागे ड्रम्सचा ठोका लावला, तर तो नुसता मुलामा. ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी १९६० साली चायकोव्हस्कीचं 'नटक्रॅकर' घेतलं, ते पाहा. मूळ रचनेत साखरपरीचा नाच सेलेस्टा या वाद्याच्या काचेच्या घंटांसारख्या नादात आहे. त्यांनी तो टेनर सॅक्सोफोनकडे दिला आणि संथ, मादक केला. परीची एकदम भरल्या अंगाची बाई झाली! चाल ओळखू येते, पण माणूस वेगळा भेटतो. काम असं हवं.

आपल्या मातीतलंही सांगतो. गोव्याच्या चर्चशाळांत मुलं व्हायोलिन आणि नोटेशन शिकायची. त्यांतले कितीतरी मुंबईला आले. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवलं, दिवसा हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत बसले. कागद पक्का होता, म्हणूनच त्यांना कागदाबाहेर जाता आलं.

हे सगळं आज का सांगतोय? घरोघरी मुलं कीबोर्ड शिकताहेत, ग्रेडच्या परीक्षा देताहेत. माझी दहा वर्षांची नातही त्यांतलीच. परवा तिनं याच प्रेल्यूडमध्ये डाव्या हाताचा एक स्वर मुद्दाम बदलला आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं. मला त्या घाबरण्याचं वाईट वाटलं. परीक्षेत कागदाप्रमाणेच वाजवावं, तो शिस्तीचा भाग आहे. पण घरी मूल एखादा स्वर बदलून बघत असेल, तर ओरडू नका. "का बदललास?" एवढंच विचारा. उत्तर असेल, तर ते मूल संगीत शिकतंय. उत्तर नसेल, तर पुन्हा कागदाकडे पाठवा.

आणि स्वतः एक करून बघा. तो प्रेल्यूड आधी मूळ रूपात तीन वेळा ऐका, खालच्या स्वरावर लक्ष ठेवून. मग लुसिएचा ऐका. बासवाल्याचं बोट धरून चाला. तो घर कधी सोडतो आणि परत कधी येतो, ते तुम्हालाच कळेल.

जय हिंद.