तुळस, सूर्य आणि दिवा



समोर नवी इमारत उभी राहिली आणि आमच्या खिडकींतलें ऊन गेलें. आमच्या कुटुंबानें लाविलेली तुळस लांबट व फिकी होऊं लागली. लावणारे हात आज नाहींत. म्हणून तें रोप वांचविणें मला अगत्याचें वाटलें.

प्रथम अडगळींतला तारेचा दिवा जवळ टांगला, पानें करपलीं. असा दिवा विजेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेंत दवडितो. शिवाय आपला डोळा फसतो. भर उन्हांत सुमारें १,००,००० लक्स प्रकाश असतो. रात्रीं दिवाणखान्यांत २००-३००च. डोळा त्या उजेडाशीं जुळवून घेतो, म्हणून आपणांस भेद जाणवत नाहीं. पान मात्र उपाशी राहतें.

हरितद्रव्य मुख्यतः तांबडे व निळे किरण शोषून घेतें. ते पांढऱ्या एलईडी दिव्यांत मिळतात, आणि दाहहि थोडा. पण लहान दिव्याचें अंतर दुप्पट केलें कीं प्रकाश चौथाईवर येतो! म्हणून दिवा वीतभर उंचीवर ठेवून रोज १२ तास लावितों.

आतां नवी पालवी फुटली आहे. तरीहि रविवारीं सकाळीं नातू कुंडी गच्चीवर नेतो. दिव्यानें रोप तगतें खरें. पण सूर्य जें फुकट देतो, त्याचेंच मी वीजबिल भरतों, हें विसरवत नाहीं.