बातमीचे पैसे कोण देतं?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या बायका आठ दिवस टँकरची वाट बघत होत्या. लॉगबुकात मात्र रोज खेप लागलेली आणि खाली आमच्याच सह्या, ज्या आम्ही केल्याच नव्हत्या! आम्ही अर्ज लिहून तालुक्याच्या बातमीदाराकडे गेलो. माणूस भला. चहा पाजून म्हणाला, "ताई, टँकरवाल्यांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात मीच आणतो. मला पगार नाही, त्या कमिशनवर घर चालतं."

खूप राग आला. पण बैठकीत बोलताना आमच्याच लक्षात आलं, पाच-सहा रुपयांत पेपर घेणाऱ्या आपण. त्यात कागदाचा खर्चसुद्धा निघत नाही. उरलेले पैसे देतो जाहिरातवाला, मग बातमीही त्याला विचारूनच छापणार.

हे फक्त तालुक्यातलं नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात एकाच उमेदवाराचं कौतुक शब्दन् शब्द सारखं, वेगवेगळ्या पेपरांत छापून आलं होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून आपल्या कानावर आला. जाहिरात निदान जाहिरात म्हणून कळते, ही बातमी म्हणून वाचली आणि त्यावर मत दिलं, तर फसलो ते आपणच.

उत्तर प्रदेशात चित्रकूटला 2002 साली बायकांनी बुंदेली बोलीत 'खबर लहरिया' नावाचा पेपर काढला. बातमी आणायच्या त्याच, लिहायच्या त्याच, गावोगाव विकायच्याही त्याच. त्यांत दलित बायका पुष्कळ. सुरुवातीला त्यांनाही संस्थेचा आधार लागला, फुकट काहीच चालत नाही. पण ठेकेदाराच्या जाहिरातीवर जगायची वेळ आली नाही, म्हणून रस्ता, हातपंप, रेशन यांवर लिहिता आलं.

आता तुम्ही म्हणाल, आपला रेडिओ आहे की! ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलंय. पण 2006 च्या धोरणानं आमच्यासारख्या सामुदायिक केंद्रांना परवानगी देताना स्वतःच्या बातम्या आणि राजकारण यांना बंदी घातली. पापडाची कृती कितीही वेळ सांगा, चालतं.

मग आम्ही ग्रामसभेत गेलो, चाळीस जणी. लॉगबुक मोठ्यानं वाचायला लावलं. एकेक सही आली की ती बाई उठून सांगायची, "ही माझी नाही." तिसऱ्या दिवशी टँकर आला.

पेपरात बातमी होती: ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न.